दोन सीटचा गेंडा

गेंडा हे एका अवकाशयानाचं नाव होतं. लढाऊ, जड, दोन सीटचं. ते कुठल्या सिनेमातलं किंवा गेममधलं नव्हतं. जूचंद्रच्या वेशीवरच्या एका बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या भावाने आणि मी ते बांधलं. जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलने.

पत्रकं आमच्या घरात पिठामिठासारखी असायची. आई नायगावच्या एका शाळेत शिकवायची, बाबा मुंबईत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. दोघंही मूळचे साताऱ्याकडचे. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ते दोघं आणि त्यांचे चार-पाच मित्र पत्रकं काढायचे. पाणी का येत नाही, खाडीत भराव कोण टाकतंय, बस अचानक बंद का झाली. रविवारी नंदाखालला मिस्सा सुटली की चर्चबाहेर वाटायची, एखाद्या सुट्टीला वसईच्या बाजारात. मी चालायला लागले तेव्हापासून माझ्या हातात गठ्ठा आहे. वाचायला मी पत्रकांवरूनच शिकले. मला लिहिता आलेला पहिला मोठा शब्द 'नागरिकहो' हा होता. उरलेली पत्रकं दिवाणाखाली जायची आणि त्यांची मागची बाजू आमच्या मालकीची व्हायची.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. यान जड हवं हा हट्ट त्याचा.

"हलकं कोणीपण काढतं," तो म्हणाला. "सुईसारखं टोक, मागे आग. आपलं जाड हवं. मारलं तरी हलणार नाही असं."

"मग गेंडा म्हणू या," मी म्हणाले.

गेंड्याचं काम पाण्याची राखण करण्याचं होतं. आमच्या कथेत 'मीठ' नावाचा एक ग्रह होता, खिडकीतून दिसणाऱ्या मिठागरांसारखा पांढरा आणि चौकोनी. त्याच्या नऊ चंद्रांवर पाणी होतं. शत्रूच्या ताफ्याचं नाव 'टँकर'. हे टँकर चंद्राला सोंड लावून पाणी ओढायचे आणि मग त्याच चंद्रावरच्या लोकांना ते विकायचे. ही कल्पना आम्हाला कुठून सुचली हे वसई-विरारच्या माणसाला सांगायला नको. गेंडा चंद्रांमधल्या पाण्याच्या वाटेवर उभा राहायचा. तो कोणाचा पाठलाग करायचा नाही, कारण त्याला ते जमायचंच नाही. त्याच्या पोटात पाण्याची टाकी होती, कातडी तीन थरांची होती आणि चार तोफा होत्या. दोन पुढे, दोन मागे. तोफा मी दिल्या होत्या. दादाला दोनच पुरत होत्या.

खेळ बाल्कनीत चालायचा, वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली. प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकमेकींना पाठ लावून ठेवायच्या. पुढे बघणारी वैमानिकाची, मागे बघणारी माझी. कुकरची जुनी रिंग हे त्याचं सुकाणू. माझ्याकडे तोफेसाठी लाटणं. मी 'तोफवाली', आणि तो नुसता 'गेंडा'.

आता मला ती गोष्ट सांगायला हवी. दादा बोलताना अडखळायचा. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणताना त्याचा 'ह' घशात अडकून बसायचा. बाई पेन हातात धरून थांबायच्या, पहिला बाक हसायचा, मग मागचा. घरी तो बरा बोलायचा, पण पाहुणे आले की आत निघून जायचा. आईने डॉक्टर केले, जिभेचे व्यायाम केले, मोठ्याने वाचन केलं. त्यातून त्याला एवढंच कळलं, की घरातलं प्रत्येक माणूस त्याच्या तोंडाकडे बघतंय.

गेंड्यात तो अडखळायचा नाही.

"गेंडा बोलतोय. डावीकडे तीन टँकर. मोठा मागे आहे. तोफवाली, तयार?"

"तयार!"

"घाई करू नको. जवळ येऊ दे. येऊ दे... हाण!"

एक अक्षर अडकायचं नाही. खणखणीत आवाज, हुकूम देणारा. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा खेळता खेळता मागे वळून त्याच्याकडे बघितलं. तो 'हल्ला' म्हणत होता आणि तो शब्द तिथेच अडकला. मी पटकन पुन्हा पाठ केली, आणि शब्द सुटला. तेव्हा मला समजलं, की खुर्च्या पाठीला पाठ लावून का आहेत. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यानंतर मी कधीही वळले नाही. हे आमच्या दोघांखेरीज कोणालाही माहीत नव्हतं. आईलाही नाही.

मोठे झालो आणि खुर्च्या सुटल्या. मी कॉलेजात सभा, मोर्चे, भित्तिपत्रकं यांत बुडाले. दादा त्याआधीच गावात रांगोळी शिकायला जाऊ लागला होता. जूचंद्रची रांगोळी म्हणजे दारासमोरची ठिपक्यांची नव्हे. जमिनीवर माणसाचा चेहरा असा काढतात, की बघणारा नकळत पाय मागे घेतो. शिकवणारे सर गावातलेच होते, साठीच्या घरातले. त्यांच्या खोलीत खिडक्यांच्या फटींना वर्तमानपत्रं चिकटवलेली असत. वारा आत यायला नको म्हणून पंखा बंद. घाम रंगावर पडू नये म्हणून कपाळाला फडकं. रांगोळीच्या वर एक फळी आडवी टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं आणि चिमटीतून पूड सोडत राहायचं.

"इथं बोलायचं नाय," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "शिंकायचं नाय. हसायचं तर बाहेर जाऊन हसायचं. तोंडाचा वारा पन आमाला चालत नाय."

दादा घरी आला तो फुललेल्या चेहऱ्याने. बोलायला मनाई असलेली जागा त्याला जगात पहिल्यांदाच मिळाली होती.

तो सहा वर्षं शिकला. इतरांच्या रांगोळ्यांची पार्श्वभूमी भरली, साडीचे काठ भरले, आकाशं भरली. मग एका दिवाळीआधी सरांनी त्याला गावातल्या प्रदर्शनात स्वतःची जागा दिली. आठ फूट बाय सहा फूट. तो एकवीस वर्षांचा होता, मी एकोणीस. तो एका कारखान्यात स्प्रे पेंटिंग करायचा, तिथून त्याने आठ दिवसांची रजा घेतली.

जेवताना त्याने सांगितलं. "विषय ठरला. गेंडा काढतोय."

आईला आणि बाबांना वाटलं, प्राणी. आम्ही दोघं हसलो. कितीतरी महिन्यांनी एकत्र हसलो.

मग मी विचारलं, "तोफांसकट?"

"चारही. तूच दिल्यास ना."

"तेव्हा दिल्या. आता दिल्या नसत्या."

"अगं बाई! तो-तोफवालीने युद्धबंदी जाहीर केली," तो म्हणाला आणि भाकरी मोडली. त्याला ती थट्टा वाटली. मी ती थट्टा राहू दिली.

त्या दिवसांत दूरच्या एका युद्धाच्या चित्रफिती रोज माझ्या फोनवर येत होत्या. पडलेली घरं, चादरीत गुंडाळलेली मुलं. मला झोप लागत नव्हती आणि माझ्या भोवतालच्या सगळ्यांना नीट लागत होती, याचा मला भयंकर राग होता. त्यात आमच्या गावच्या दिवाळीत, हजारो लोक बघायला येतात तिथे, एक लढाऊ यान. तेही सुंदर रंगांत. मी चार दिवस विचार केला आणि पत्रक लिहिलं. 'बॉम्ब टाकणाऱ्या यंत्रांना रांगोळीने सजवू नका' हा मथळा. खाली तीन परिच्छेद. शस्त्रं सुंदर दिसू लागली की त्यांच्याखाली मरणारी माणसं दिसेनाशी होतात, असं त्यात होतं. कोणाचंही नाव नव्हतं.

ते पत्रक आज माझ्यासमोर आहे. त्यातल्या एकाही वाक्याची मला लाज वाटत नाही. मला वाटतं, सगळी अडचण तीच आहे. ते पत्रक खोटं असतं तर मी एव्हाना सुटले असते.

बाबांनी ते वाचलं. त्यांना वाटलं, प्रदर्शनात कोणीतरी लढाऊ विमान काढतंय. "दुसरा परिच्छेद चांगला जमलाय," म्हणाले. आईला मी दाखवलंच नाही. आमच्या घरातलं प्रत्येक पत्रक छापायच्या आधी तिच्या हाताखालून जायचं, आणि ती पहिल्यांदा एकच प्रश्न विचारायची: "हे कोणाला उद्देशून आहे?" मला त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नव्हतं.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. उघडण्याच्या दिवशी सकाळी मी फाटकाबाहेर उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद दिला. आत जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ज्याचा निषेध करतो ते बघायला रांगेत उभं राहायचं नाही, हा माझा तेव्हाचा नियम. दादा आत होता. पहिल्या दिवशी कलाकाराने आपल्या रांगोळीपाशी उभं राहायचं आणि लोकांनी विचारलं तर सांगायचं, ही तिथली पद्धत.

ही पद्धत मला माहीत होती. मी तिचा विचार केला नाही. तीनशे माणसांच्या हातात मी एकेक प्रश्न देत होते आणि आत जाऊन ती माणसं तो प्रश्न कोणाला विचारणार, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

बाकी सगळ्या रांगोळ्यांत चेहरे होते, देव होते, पाणवठे होते. यान एकच होतं. आत काय झालं ते मला नंतर सरांनी सांगितलं. लोक हातातला कागद बघत, मग रांगोळी बघत, मग दादाकडे. एक काका म्हणाले, "यात बॉम्ब कुठं असतो रे?" दोन कॉलेजची पोरं म्हणाली, "दादूस, बाहेर तुझी बहीणच उभी आहे ना? घरातच विरोधी पक्ष!" सगळे हसले. तो सांगायला लागला. हे यान पाणी राखतं, असं त्याला सांगायचं होतं. 'प' अडकला. पोरं थांबली. कोणी वाईट वागलं नाही, उलट सगळे फार शहाण्यासारखे थांबले, पंचवीस-तीस माणसं, त्याच्या तोंडाकडे बघत. मग कोणीतरी मदत म्हणून शब्द पुरवला: "पाप? पाप म्हणायचंय का?" पुन्हा हशा.

सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू गप ऱ्हा. मी सांगतो. लोक दोन दिवस बोलतील, मग जिलेबी खायला जातील." दादाने मान हलवली. तो दुपारपर्यंत उभा राहिला. दुपारी एक बाई आल्या, आमच्याच बिल्डिंगमधल्या, चांगल्या मनाच्या. त्यांनी कागदाची घडी घालत विचारलं, "तू असा नाहीस ना रे बाळा? मग असलं का काढलंस?"

त्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला, की केला नाही, हे सरांना आठवत नाही. तो कोपऱ्यात गेला आणि कुंचा घेऊन आला.

प्रदर्शन संपल्यावर रांगोळी मोडायची असतेच. ज्याची त्याने मोडायची, मधून बाहेर. पण ती शेवटच्या दिवशी, सगळ्यांनी मिळून, चहा पीत. पहिल्या दिवशी दुपारी लोकांसमोर कोणी मोडली नव्हती. सर म्हणाले, "मी त्याचा हात धरला असता. पन त्याच्या तोंडाकडं बघितलं नि ऱ्हाऊ दिलं."

बाहेर मला एवढंच दिसलं, की माणसं गप्प होऊन हॉलमधून बाहेर येताहेत. एकजण म्हणाला, "पुसली त्याने." मी हातातला गठ्ठा फाटकाच्या खांबावर ठेवला आणि आत धावले.

जमिनीवर आठ बाय सहाची एक पांढरी चौकट होती आणि तिच्यात काही नव्हतं. एका बाजूला राखाडी पुडीचा ढीग. इतके रंग एकत्र झाले की राखाडी होतात, मला माहीत नव्हतं. दादा उकिडवा बसून ती पूड सुपलीने पिशवीत भरत होता. त्याने वर बघितलं. अजिबात न अडखळता म्हणाला,

"आता ये आत. आता काही नाही इथे."

मी ती रांगोळी कधीच बघितली नाही. दोन-तीन जणांनी फोनवर फोटो काढले होते, ते माझ्याकडे येऊन पोचले. ते मी उघडले नाहीत. ज्यांनी बघितली त्यांना विचारायला मात्र मला राहवलं नाही. एकजण म्हणाला, यान फार मोठं होतं आणि मागे बारीक पांढरा ग्रह. दुसरा म्हणाला, ग्रह नव्हता, चंद्र होते, त्याने मोजले नाहीत. सरांना मी विचारलं, मागच्या सीटवर कोणी होतं का? सर म्हणाले, "तू हाताच्या अंतरावर होतीस गो. बघायचं होतंस."

त्या संध्याकाळी आईने पत्रक वाचलं. पूर्ण वाचलं, पलटून मागची कोरी बाजूही बघितली. मग म्हणाली, "दोन खोल्यांचं घर आपलं. त्याच्या खोलीत जायला तुला छापखाना लागला?"

बाबांनी तिच्या हातातून पत्रक घेतलं आणि घडी घालून ठेवलं. दुसऱ्या परिच्छेदाचं कौतुक केल्याचं त्यांना आठवत होतं.

दादा रागावला नाही. रागावला असता तर मी भांडले असते, आणि भांडण मला येतं. तो माझ्याशी नीट वागायला लागला. "मीठ दे" ऐवजी "मीठ देतेस का". बाथरूममधून आधी मला जाऊ द्यायचा. आठवडाभर मी हे सहन केलं. मग मला वाटलं, माफी मागायला हवी.

त्यानंतर मी जे केलं ते आमच्याच घरात वाढलेलं माणूस करू शकतं. आमच्याकडे एक नियम होता. पत्रकात चूक झाली, तर खाजगीत दिलगिरी चालत नाही. जितक्या हातांत चूक गेली तितक्या हातांत दुरुस्ती गेली पाहिजे. बाबांनी एकदा एका गृहस्थांवर चुकीचा आरोप केला होता, तेव्हा भर उन्हात तेवढ्याच घरी जाऊन दुरुस्तीचं पत्रक वाटलं होतं. मी लहान होते, त्यांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन चालत होते आणि मला माझ्या बापाचा फार अभिमान वाटला होता. चूक चारचौघांत केली असेल, तर माफी चारचौघांत. मला अजूनही हा नियम बरोबर वाटतो. तो कुठे लागू करायचा एवढंच मला कळलं नाही.

मी 'जाहीर माफी' लिहिली. तीनशे प्रती. दादा कारखान्यात असताना एका दिवसात सगळ्या वाटल्या. गावात, बिल्डिंगमध्ये, शाळेच्या फाटकाबाहेर. ही माफी मी मनापासून लिहिली होती, आणि तेच वाईट झालं. पहिल्या पत्रकात मी विचार लिहिला होता. दुसऱ्यात मी माझा भाऊ लिहिला. गेंडा म्हणजे काय, मीठ ग्रह, टँकर, सगळं सांगितलं. आणि लोकांना त्याची थोरवी कळावी म्हणून हेही सांगितलं, की माझा भाऊ लहानपणापासून अडखळतो, त्याला शाळेत हसायचे, आणि या यानात बसून मात्र तो एकही शब्द न अडखळता बोलायचा, कारण तिथे आमची पाठीला पाठ असायची आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत नसे. 'ते यान माणसं मारणारं नव्हतं, ते माझ्या भावाला बोलकं करणारं होतं,' असं शेवटचं वाक्य. ते लिहून झाल्यावर मी रडले होते. मला वाटलं, वाचणारा प्रत्येकजण रडेल.

खरंच रडले लोक. बिल्डिंगमधल्या त्या बाई डोळे पुसत घरी आल्या. वाण्याने मला लिमलेटची गोळी दिली.

दादा संध्याकाळी सातला आला. स्टेशनवरून येताना रस्त्यात कोणीतरी त्याला थांबवलं होतं. पाठीवर थाप मारून म्हणालं होतं, "अरे, तू बोल ना बिनधास्त. आम्ही पाठ करून उभे राहतो." चांगल्या मनाने म्हणालं होतं. आणखी दोघांनी तेच केलं. एकाने खरोखर पाठ फिरवली.

तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात कागदांची चळत होती. रस्त्यात पडलेल्या, कट्ट्यावर सोडलेल्या प्रती त्याने उचलत आणल्या होत्या. काहींवर चपलांचे ठसे. त्याने त्या टेबलावर ठेवल्या, कडा जुळवल्या.

"मला एक प्र-प्र..." तो थांबला. आई स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी होती, ती वळली नाही. बाबांनी पेपर वर धरला. मी काय करायचं ते मला कळेना. मी त्याच्याकडे बघितलं असतं तर वाईट, आणि तोंड फिरवलं असतं तर आता ते त्याहून वाईट होतं. तोंड फिरवणंसुद्धा मी छापून टाकलं होतं.

"प्रत," तो शेवटी म्हणाला. "मला एकच प्रत पुरली असती."

पुढच्या वर्षी नाशिकच्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं. गेला. घरी फोन करतो, आईशी बोलतो, बाबांच्या गुडघ्याचं विचारतो. माझ्या वाढदिवसाला मेसेज येतो. मी त्याला पत्र लिहायचा प्रयत्न केला, किती वेळा ते सांगत नाही. दुसऱ्या परिच्छेदापाशी माझा आवाज चढतो आणि मी कोणालातरी पटवून द्यायला लागते. एकट्या माणसाला लिहायला मला कोणी शिकवलंच नाही. पत्राऐवजी मी बाकी पुष्कळ लिहिलं. त्यातलं काही छापून आलं, लोक मला लेखिका म्हणतात. मला हवं होतं ते एवढंच, की त्याने एकदा मला तोफवाली म्हणावं.

या दिवाळीआधी सरांनी मला सांगितलं, की तो तिकडे पुन्हा रांगोळी काढतो, दोन वर्षं झाली. आईला माहीत होतं. मला सांगू नको असं त्याने सांगितलं नव्हतं, पण सांग असंही सांगितलं नव्हतं. मी नाशिकला गेले.

छोटा हॉल होता, एका मंगल कार्यालयातला. पंखे बंद, सगळे पदराने, वहीने वारा घेत होते. त्याने एका म्हाताऱ्या टांगेवाल्याचा चेहरा काढला होता. मी आधी चेहरा बघितला. या वेळी मी आधी बघितलं. मग तो दिसला. पाच-सहा बायका त्याच्याभोवती उभ्या होत्या आणि तो त्यांना समजावत होता, की डोळ्यातली चमक शेवटी सोडायची, एका चिमटीत. अडखळत होता. पूर्वीपेक्षा जास्तच असेल. पण अडखळला की थांबायचा, हात उचलायचा, म्हणजे थांबा जरा, येतोय शब्द, आणि शब्द यायचा. तो सगळ्यांच्या तोंडाकडे सरळ बघत होता. त्या बायका त्याच्याकडे सरळ बघत होत्या. हे तो माझ्याशिवाय शिकला होता.

मला बघून तो दचकला नाही. "कधी आलीस?" म्हणाला, "जेवलीस का?" बायकांना सांगितलं, "ही माझी बहीण. ले-लेखिका आहे."

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. शेजारी शेजारी. मी त्याला जे तोंडाने कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. छोटं होतं. चार-पाच शब्द.

"हो गं," तो म्हणाला. "कळलं मला ते तेव्हाच." आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, बाबांचे मित्र आमच्या पाठीवर ठेवायचे तसा.

"गेंडा पुन्हा काढशील?"

त्याने खरंच विचार केला. "नाही. तो आता तुझा. नाव तू दिलंस, तो-तोफा तू दिल्यास. लिहिलंसही तूच. मी आठवायला गेलो की मला तुझी वाक्यंच आठवतात." त्यात टोमणा नव्हता. एखाद्याने जुनी सायकल देऊन टाकावी तसं तो म्हणाला.

मी विचारलं, हे सगळं लिहू का. आयुष्यात पहिल्यांदा मी लिहायच्या आधी विचारत होते.

"लिही," तो म्हणाला. "नावं नको टाकू. आणि मला वाचायला प-पाठवू नको."

मी बरं म्हटलं. आतून कोणीतरी त्याला हाक मारली, टांगेवाल्याच्या फेट्याचा रंग कसा केला ते विचारायचं होतं. तो उठला, हात झटकले आणि दारातून आत जाताना मला म्हणाला, बस तू इथेच, आत फार उकडतंय.